मत्स्यपारध : परवाना व पूर्वतयारी (डहाणू-तलासरी परिसर)

उपजीविकेसाठी वा विक्रीसाठी नव्हे, तर करमणूक व छंद म्हणून गळ, दोर व काठी यांच्या साहाय्याने मासे पकडण्याच्या क्रीडेस मत्स्यपारध असे म्हणतात. मासेमारीच्या धंद्यात किती मासळी हाती आली यास महत्त्व असते. मत्स्यपारधीत मासा कोणत्या कौशल्याने हाती आला यास. तथापि दोहोंचे पाणी एकच असते आणि मासाही एकच असतो. त्यामुळे पाणी कोणाचे, त्यात गळ टाकण्याचा अधिकार कोणाचा आणि तो कोणी द्यावयाचा, हे प्रश्न या क्रीडेच्या इतिहासाशी प्रथमपासून निगडित आहेत. परवाना हे त्या प्रश्नांचे कागदी उत्तर होय. हे उत्तर जगात तीन प्रकारे देण्यात आलेले आढळते : काही ठिकाणी परवाना पाण्यास जोडलेला असतो, काही ठिकाणी नौकेस व काही ठिकाणी व्यक्तीस. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांत पहिले दोन प्रकार एकमेकांशेजारी नांदतात आणि त्यांच्या जोडीस आदिवासींचा रूढीने चालत आलेला हक्कही आहे. यामुळे या विषयाच्या अभ्यासास हा परिसर विशेष उपयुक्त ठरतो.

प्रदेश व लोक : ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. डहाणू व तलासरी हे त्याचे उत्तरेकडील तालुके असून ते गुजरात राज्याच्या सीमेनजीक आहेत. डहाणू तालुक्यास बोर्डी, घोलवड, नरपड, डहाणू, धाकटी डहाणू, वाढवण, वरोर, चिंचणी असा बराच मोठा किनारा लाभलेला आहे. तलासरी तालुका मुख्यतः डोंगराळ व वनाच्छादित असून त्याचा समुद्राशी संबंध झाई या गावापुरता येतो. किनाऱ्यावर मांगेला, माच्छी, कोळी इ. मच्छीमार समाजांची वस्ती आहे. आतील भागात वारली, कोकणा, धोडिया, दुबळा या आदिवासी जमाती राहतात. किनाऱ्यावरील मच्छीमार डोल व अन्य जाळ्यांनी बोंबील, पापलेट, घोळ, दाढा, कोळंबी इ. मासळी पकडतो. आतील भागातील आदिवासी ओढे, नद्या व भातखाचरे यांतील मासे, खेकडे व शिंपले यांवर वर्षातील काही महिने आपल्या आहाराची उणीव भरून काढतो. पहिल्या पावसात प्रवाहाच्या उलट दिशेने अंडी घालण्यासाठी चढणारे मासे पकडण्यास सारे गाव लोटते. बांबूच्या कामट्यांचे सापळे, लहान जाळी, गळ आणि नुसते हात ही त्याची साधने होत. यात धंदाही आहे, पोटही आहे आणि करमणूकही आहे. ही तीन अंगे कायद्याला जशी वेगळी दिसतात, तशी ती गावाला दिसत नाहीत.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : मासेमारीवर राजसत्तेचे नियंत्रण असल्याचे उल्लेख बरेच जुने आहेत. कौटिलीय अर्थशास्त्रात नावाध्यक्ष या अधिकाऱ्याच्या कर्तव्यांत मच्छीमारांकडून नौकेचे भाडे म्हणून पकडलेल्या मासळीचा सहावा हिस्सा घेण्याचा नियम आहे. मासेमारीच्या परवाना शुल्काचे हे एक आद्य रूप म्हणता येईल. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात वर्षातील ठराविक पौर्णिमा व उपोसथाचे दिवस यांवर मासे मारू नयेत व विकू नयेत, अशी आज्ञा आहे. विशिष्ट काळी मासेमारी बंद ठेवण्याच्या शासकीय आदेशाचा हा भारतातील एक प्राचीन पुरावा होय. याच सम्राटाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा पालघर जिल्ह्यातील सोपारा येथे १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. पूर्वीचे राजे मृगया व तत्सम विनोदांसाठी विहारयात्रा करीत, आपण मात्र धर्मयात्रा सुरू केली, असे अशोक त्या लेखात सांगतो. प्राणी मारण्याच्या करमणुकीविषयीचा नैतिक प्रश्न या किनाऱ्याच्या दगडावर असा दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोरला गेला होता.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात मत्स्यपारधीचे स्वतंत्र प्रकरण आहे. ग्रंथाच्या राजविनोदांविषयीच्या भागातील ‘मत्स्यविनोद’ या प्रकरणात माशांचे प्रकार, समुद्रातील व नद्यांतील मासे, त्यांना चारा घालून एका जागी आणण्याची रीत, दोर, काठी व आमिष यांची सिद्धता आणि गळास लागलेला मासा खेळवून थकविण्याचे कौशल्य यांची माहिती येते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवरील ज्युलियाना बर्नर्स हिच्या नावावर असलेला निबंध १४९६ मध्ये छापला गेला आणि आयझाक वॉल्टनचा प्रसिद्ध ग्रंथ १६५३ मध्ये निघाला. हे पाहता दख्खनमधील हा लेख किती जुना आहे, याची कल्पना येते. मात्र मानसोल्लासातील मत्स्यविनोद हा राजाचा विनोद होता; त्यास परवान्याची गरज नव्हती, कारण परवाना देणाराही तोच होता.

सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांनी अरबी समुद्रातील व्यापारी जहाजांना पास घेण्याची सक्ती केली. पुढे मराठी आरमारानेही दस्तके देऊन समुद्रावरील आपला अधिकार बजावला. समुद्रात जाण्यासाठी कोणाचा तरी कागद जवळ असावा लागतो, ही कल्पना या किनाऱ्यास अशा रीतीने इंग्रजी अंमलाच्या पूर्वीपासून परिचित होती.

ब्रिटिश अंमल : एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी आपल्या देशातील गळाच्या मासेमारीचा छंद येथे आणला. मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकारी एच. एस. टॉमस यांचा भारतातील गळाच्या मासेमारीविषयीचा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी फ्रान्सिस डे यांचा भारत व ब्रह्मदेश येथील गोड्या पाण्यातील मासे व मत्स्यव्यवसाय यांवरील अहवाल निघाला. विषप्रयोग, बारीक आसांची जाळी व बंधारे यांमुळे नद्यांतील मासळी घटत असल्याचे निष्कर्ष डे यांनी मांडले. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये या किनाऱ्यावरील मासे, जाळी व होड्या यांची माहिती नोंदविलेली आहे.

इंग्लंडमध्ये १८६५ च्या सामनविषयक कायद्याने गळाच्या काठीवरही परवाना शुल्क बसविले. भारतात निलगिरी जिल्ह्यासाठी शिकार व मासे यांच्या संरक्षणाचा कायदा १८७९ मध्ये झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी काश्मीर व निलगिरी येथील थंड ओढ्यांत परदेशी ट्राउट मासे सोडण्यात येऊन त्यांच्या पारधीस परवाने देण्याची पद्धत रूढ झाली. या पद्धतीत परवान्याचा हेतू छंदास शिस्त लावणे व मासे राखणे हा होता. परंतु राखलेले मासे कोणासाठी, हा प्रश्न बहुधा अनुत्तरितच राही.

सर्वसाधारण स्वरूपाचा कायदा म्हणजे १८९७ चा भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियम होय. त्याने सुरुंगाच्या दारूसारख्या स्फोटकांनी मासे मारणे गुन्हा ठरविले. ही बंदी किनाऱ्यापासून एक सागरी लीग, म्हणजे तीन सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रासही लागू होती. पाण्यात विष, चुना वा अन्य अपायकारक द्रव्य टाकून मासे मारण्यासही बंदी करण्यात आली. स्थानिक शासनास निवडक पाण्यांसाठी नियम करण्याचा अधिकार मिळाला. त्यान्वये रोवलेली मासेमारी साधने व बंधारे यांचे नियमन, जाळ्यांचे प्रकार व आकारमान ठरविणे आणि एखाद्या पाण्यात जास्तीत जास्त दोन वर्षे मासेमारी पूर्णपणे बंद ठेवणे शक्य झाले. सह्याद्रीच्या परिसरात रामेठ्याची साल, गेळाचे फळ यांसारख्या वनस्पतिज द्रव्यांनी डोहातील मासे गुंगवून पकडण्याची रीत जुनी आहे. कायद्याने ही रीत गुन्ह्यात जमा केली. मात्र विषविषयक कलम एखाद्या विशिष्ट प्रदेशात स्थगित ठेवण्याची मुभाही त्याच कायद्यात होती. रूढीस एकदम पुसून टाकता येत नाही, हे कायदेकर्त्यांना ठाऊक असावे. पुढे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने राखीव वनात नियमांचे उल्लंघन करून मासे पकडणे व पाण्यात विष घालणे हेही निषिद्ध कृत्यांत घातले. डहाणू-तलासरीच्या डोंगरपट्ट्यातील ओढे वनात असल्याने आदिवासीच्या गळावर मत्स्यविषयक व वनविषयक असे दोन कायदे एकाच वेळी लागू झाले.

मुंबई इलाख्यात छंद म्हणून मासे पकडणाऱ्यांचे मुख्य केंद्र पवई तलाव हे होते. १८९१ च्या सुमारास बांधलेल्या या तलावाचे पाणी पिण्यास अयोग्य ठरले. पुढे तेथे मत्स्यपारधीच्या संघटनेने मासे सोडून तलावाची राखण केली. बॉम्बे प्रेसिडेन्सी अँग्लिंग असोसिएशन या नावाची ही संस्था नंतर महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन म्हणून ओळखली जाऊ लागली. सभासदत्व व परवाना या मार्गाने पाणी राखण्याचा महाराष्ट्रातील हा सर्वांत परिचित प्रयोग होय. मत्स्यव्यवसाय खात्याचे एक प्रमुख अधिकारी व मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी यांनी निवृत्तीनंतर लोणावळा येथे टाटा विद्युत् कंपन्यांच्या तलावांवर महसीर माशाच्या कृत्रिम प्रजननाचे काम १९७० नंतरच्या काळात उभे केले. पारधीसाठी प्रसिद्ध असलेला मासा नष्ट होऊ नये, यासाठी झालेला हा भारतातील एक महत्त्वाचा प्रयत्न होता.

स्वातंत्र्योत्तर काळ : संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार मत्स्यव्यवसाय हा राज्यसूचीतील विषय (नोंद २१) असून प्रादेशिक जलधीपलीकडील मासेमारी संघसूचीत (नोंद ५७) येते. १९७६ च्या कायद्याने प्रादेशिक जलधीची मर्यादा १२ सागरी मैल निश्चित झाली. राज्याने आपल्या पाण्यांसाठी दोन प्रमुख कायदे केले : महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० व महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१. दुसऱ्याची अंमलबजावणी १९८२ पासून सुरू झाली.

गोड्या पाण्यात परवाना पाण्यास जोडलेला असतो. तलासरी तालुक्यातील वरोळी नदीवरील कुर्झे धरण (यास दापचरी धरण असेही म्हणतात), सूर्या प्रकल्पाचे धामणी धरण व त्याखालील कवडास बंधारा यांसारख्या जलाशयांमुळे या भागात मासेमारीचे नवे पाणी निर्माण झाले. राज्यातील अशा जलाशयांतील मासेमारीचे हक्क सामान्यतः मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने देण्यात येतात. संस्था त्यात मत्स्यबीज सोडते आणि त्याचे उत्पन्न घेते. साहजिकच छंद म्हणून गळ टाकणाऱ्यास मत्स्यव्यवसाय खात्याच्या नियमांबरोबरच ठेकेदार संस्थेची संमती घ्यावी लागते; धरणाच्या भिंतीलगतच्या भागात पाटबंधारे खात्याचेही निर्बंध असतात. मोकळे दिसणारे पाणी मोकळे नसते, ही गोष्ट शहरातून येणाऱ्या हौशी मनुष्याच्या बहुधा ध्यानात येत नाही. त्याने सहज उचललेली कटला वा रोहू ही कोणाच्या तरी भांडवलावर वाढलेली असते.

समुद्रात परवाना नौकेस जोडलेला असतो. १९८१ च्या अधिनियमान्वये नौकेची नोंदणी व मासेमारीचा परवाना आवश्यक असून परवाना अधिकारी, अंमलबजावणी अधिकारी व अभिनिर्णय अधिकारी अशी यंत्रणा ठरविलेली आहे. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन दंडाच्या रकमा बऱ्याच वाढविण्यात आल्या. नौकांच्या नोंदणीचे अर्ज अलीकडे केंद्र शासनाच्या रिअलक्राफ्ट या संगणकीय प्रणालीद्वारे स्वीकारले जातात. हा सर्व विचार धंद्याची नौका डोळ्यांसमोर ठेवून झालेला आहे. १९५८ च्या व्यापारी नौवहन अधिनियमातही मासेमारी नौकेची व्याख्या नफ्यासाठी मासेमारी करणारी नौका अशीच होती. त्यामुळे मच्छीमाराची नौका भाड्याने घेऊन गळ टाकण्यास जाणारा हौशी मनुष्य कायद्याच्या चौकटीत नीट बसत नाही. तो ना खलाशी असतो, ना प्रवासी. मासेमारीचा परवाना असलेली नौका ही प्रवासी नौका नव्हे, हे मात्र निश्चित.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी पोरबंदरची एक मासेमारी नौका बळकावून आले होते. त्यानंतर सागरी मच्छीमारांना ओळखपत्रे देणे, नौकांना ठरावीक रंग लावणे व किनाऱ्यावरील तपासणी वाढविणे ही कामे हाती घेण्यात आली. राज्याच्या सीमेवरील डहाणू-झाईच्या किनाऱ्यावर या तपासणीचे महत्त्व अधिक आहे. म्हणून नौकेवर जाणाऱ्या प्रत्येकाजवळ ओळखपत्र असणे आणि त्याच्या नावाची नोंद होणे ही औपचारिकता राहिलेली नाही.

बंदीकाळ व आकारमर्यादा : पावसाळा हा अनेक माशांचा विणीचा हंगाम असतो आणि याच काळात समुद्र खवळलेला असतो. पूर्वी आषाढापासून होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवीत व नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा करून त्या पुन्हा लोटीत. शासनाच्या बंदी आदेशाने या रूढीस कायद्याचे रूप आले; २०२४ मध्ये यांत्रिक नौकांसाठी हा काळ १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा होता. यंत्राविना चालणाऱ्या पारंपरिक होड्यांना बंदीतून वगळण्यात येते. राज्यशासनाने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा म्हणून घोषित केले व ५४ जातींच्या जलचरांसाठी पकडण्याजोगे किमान आकारमान ठरवून दिले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये देवमुशी (बहिरी), करवत मासा, समुद्रघोडा इत्यादींना २००१ पासून संरक्षण आहे. असा जीव गळास लागल्यास तो ताबडतोब पाण्यात सोडणे आवश्यक असते.

आदिवासींचे हक्क : डहाणू व तलासरी हे दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पंचायत विस्तार अधिनियमाने (पेसा) अशा क्षेत्रातील लहान जलस्रोतांचे नियोजन व व्यवस्थापन पंचायतींकडे सोपविण्याचे तत्त्व मान्य केले. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने मासे व पाण्यातील अन्य उत्पन्न घेण्याचा सामूहिक हक्क मान्य केला. १९२७ च्या कायद्याने जे निषिद्ध कृत्यांत घातले होते, ते सुमारे ऐंशी वर्षांनी हक्क म्हणून परत आले. तेव्हा गावच्या ओढ्यावर वा तळ्यावर गळ टाकू इच्छिणाऱ्या पाहुण्याने प्रथम ग्रामसभेकडे अथवा ग्रामपंचायतीकडे विचारणा करावी, हे सौजन्य नसून कायद्याच्या आशयाशी सुसंगत असे वर्तन होय.

पूर्वतयारी : मत्स्यपारधीची साधने थोडी असतात. गळ, दोर, वजनासाठी शिसे, तरंगणारे बोंड, काठी व दोर गुंडाळण्याची फिरकी ही मुख्य होत. दोरासाठी पूर्वी सूत, रेशीम वा घोड्याचे केस वापरीत. १९३८ नंतर नायलॉनचा प्रसार होऊन बारीक पण बळकट दोर स्वस्त झाला. गोड्या पाण्यात गांडूळ व कणकेचा गोळा, तर खाडीत व समुद्रात कोळंबी व लहान मासे ही सामान्य आमिषे होत. खाडीच्या मुखाशी जिताडा, बोय व शिंगाळा, तर खडपांच्या आसपास तांब व हेकरू मिळतात. शिंगाळ्याच्या परांतील काटे व पाकटाच्या शेपटीवरील काटा विषारी असल्याने चिमटा व जाड हातमोजे जवळ ठेवावेत. सोडून द्यावयाचा मासा ओल्या हाताने धरावा. बिनआकडीचा गळ वापरल्यास त्यास इजा कमी होते. तुटलेला नायलॉनचा दोर पाण्यात टाकू नये. तो कुजत नाही आणि पक्षी व कासवे त्यात अडकतात.

या किनाऱ्यावर सर्वांत महत्त्वाची तयारी म्हणजे भरती-ओहोटीचे ज्ञान. डहाणू व बोर्डी येथे किनारा अत्यंत सपाट असल्याने ओहोटीस समुद्र फार दूर हटतो आणि भरतीस तितक्याच वेगाने परततो. खडपांवर पुढे गेलेला मनुष्य मागून पाण्याने वेढला जातो. पौर्णिमा व अमावास्या यांच्या सुमारास उधाणाची भरती मोठी असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती लहान. मुंबईच्या किनाऱ्यावर तिथीच्या अंकास पाऊणपट केले असता भरतीची स्थूल वेळ मिळते; उदा., चतुर्थीस सुमारे तीन वाजता पूर्ण भरती येते. उत्तरेकडे या वेळेत थोडा फरक पडतो, म्हणून छापील कोष्टक पाहावे व गावातील जाणत्यास विचारावे. हवामानखात्याचा इशारा असताना पाण्यात जाऊ नये. १३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूनजीकच्या समुद्रात सहलीच्या विद्यार्थ्यांना घेऊन गेलेली नौका उलटून तीन विद्यार्थिनी मृत्यू पावल्या. पावसाळा नव्हता. नौकेची वाहनक्षमता, प्रत्येकासाठी जीवरक्षक जाकीट आणि तांडेलाचा शब्द अखेरचा मानण्याची शिस्त या तीन गोष्टी कोणत्याही परवान्याइतक्याच आवश्यक आहेत, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

भवितव्य : पाश्चात्त्य देशांत परवाना मुख्यतः व्यक्तीस दिला जातो. जर्मनीत त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेत १९५० च्या कायद्याने मासेमारीच्या साधनांवरील कराचे उत्पन्न मत्स्यसंवर्धनासाठी राखून ठेवले. अशी पद्धत येथे आणावयाची झाल्यास पाणी, नौका व रूढी यांना जोडलेले हक्क आधी विचारात घ्यावे लागतील. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली स्थापन झालेल्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण येथील बंदरास नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी नव्या प्रस्तावास अटींसह संमती दिली. केंद्रीय मंत्रिमंडळाची मान्यता १९ जून २०२४ रोजी मिळाली व ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. मासळीचे पारंपरिक क्षेत्र व विणीच्या जागा नष्ट होतील, अशी किनाऱ्यावरील मच्छीमारांची भीती आहे. प्रकल्पाचे पुरस्कर्ते रोजगार व व्यापार यांकडे लक्ष वेधतात. हौशी मनुष्यास मासा न मिळाल्यास त्याचा एक रविवार वाया जातो. मच्छीमाराचा व आदिवासीचा त्या दिवशीचा घास जातो. दोघांचेही हित पाण्यात मासा शिल्लक राहण्यात आहे, आणि परवान्याच्या कागदास अर्थ येतो तो तेवढ्यामुळेच.